यूएफडब्ल्यू या फायरवॉलमध्ये ५४३२ पोर्ट बंद आहे, तरी व्हीपीएसवरचा (भाड्याच्या व्हर्च्युअल सर्व्हरवरचा) पोस्टग्रेस डेटाबेस बाहेरून कनेक्ट होतोय. असं का?

फायरवॉल बिघडलेला नाही, कंटेनर चालवणारा डॉकर त्याला बगल देतो. कंपोझ फाइलमध्ये (डॉकरचे कंटेनर कसे चालवायचे ते सांगणारी फाइल) पोर्ट्सखाली "५४३२:५४३२" लिहिलं की डॉकर आयपीटेबल्समध्ये, म्हणजे लिनक्सच्या पॅकेट-नियमांमध्ये, स्वतःचे नियम घालतो. मग पॅकेट यूएफडब्ल्यूच्या नियमांपर्यंत न जाता थेट कंटेनरकडे वळतं. यूएफडब्ल्यूच्या स्टेटसमध्ये 'डिनाय' (मनाई) दिसतं आणि दार सताड उघडं!

बॅकएंड त्याच कंपोझमध्ये असेल तर ती ओळच काढून टाका. कंटेनर एकमेकांना सर्व्हिसच्या नावाने सापडतात. होस्टवरून लागतच असेल तर "१२७.०.०.१:५४३२:५४३२" लिहा आणि घरच्या लॅपटॉपवरून एसएसएच टनेलने (सर्व्हरवरच्या सुरक्षित लॉगिनमधून जाणाऱ्या वाटेने) जा. बाहेर फक्त वेबचे ८०, ४४३ आणि एसएसएच हेच पोर्ट उघडे ठेवा. पुढे कॅडी हा वेब सर्व्हर ठेवलात तर लेट्स एन्क्रिप्टचं मोफत एचटीटीपीएस सर्टिफिकेट तोच आणतो, तोच रिन्यू करतो.

पण पोर्ट इतके दिवस उघडा होता, हे विसरू नका. लॉग बघा. डेटाबेसच्या सुपरयूझरचा (सगळे अधिकार असलेल्या खात्याचा) पासवर्ड सोपा असेल आणि अनोळखी आयपीवरून लॉगिन झालेलं दिसलं, तर नुसता पासवर्ड बदलून भागणार नाही. पोस्टग्रेसचा सुपरयूझर 'कॉपी फ्रॉम प्रोग्रॅम' वापरून सर्व्हरवर कमांड चालवू शकतो. अशा वेळी मी तरी सर्व्हर नव्यानेच उभा करेन.

पोस्टग्रेसवर चालणारा सुपाबेस हा बॅकएंड स्वतःच्या सर्व्हरवर होस्ट करत असाल तर नमुना एन्व्ह (सेटिंग्जच्या) फाइलमधल्या गुप्त कीज आधी बदला, त्या गिटहबवर जगजाहीर आहेत.

एसएसएचचा पासवर्ड लॉगिन बंद करा, मात्र दुसऱ्या टर्मिनलमधून एसएसएच-कीने लॉगिन होतंय हे बघूनच पहिलं टर्मिनल बंद करा.