क्लॅडिंगचा अख्खा संच घ्यावा का?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपल्याकडे 2004 सालचा शेवरोले ॲव्हलांच हा पिकअप आहे. त्याच्या दोन्ही अंगांवरचे राखाडी प्लॅस्टिकचे क्लॅडिंग, म्हणजे पत्र्यावर बाहेरून बसवलेले आवरण, उन्हाने पांढुरके पडले आहे, डाव्या मागच्या चाकावरचा तुकडा चिरला आहे आणि मागच्या कोपऱ्यावरचा एक तुकडा गहाळच झाला आहे. एका विक्रेत्याकडे न वापरलेला पूर्ण संच असून त्याची किंमत आपल्या ट्रकच्या आजच्या विक्रीमूल्याच्या 30 टक्के, म्हणजे आपल्या दीड महिन्याच्या घरखर्चाएवढी आहे. हा संच गेला की पुन्हा मिळणार नाही, असे विक्रेता सांगतो. पाच महिन्यांच्या खर्चाची जी आपत्कालीन गंगाजळी आपण साठवली आहे तिच्यातून ही रक्कम काढावी, की क्रेडिट कार्डावर 18 टक्के व्याजाने 24 हप्ते करावेत, असे आपण विचारता. ट्रक आणखी चारेक वर्षे ठेवण्याचा आपला विचार आहे.

माझे मत आधीच सांगून टाकतो: आज अख्खा संच घेऊ नये, आणि जे काही घ्याल ते उधारीवर तर मुळीच घेऊ नये. चिरलेल्या आणि हरवलेल्या अशा दोन तुकड्यांपुरता खर्च मात्र योग्य आहे, आणि तोही क्लॅडिंगखालचा पत्रा पाहून झाल्यानंतर.

विक्रेत्याचे म्हणणे खोटे नाही, पण ते पूर्णही नाही. ॲव्हलांच 2002च्या मॉडेलपासून 2013च्या मॉडेलपर्यंत बनला. शेवरोलेच्याच सबर्बन या मोठ्या गाडीशी त्याचा सांगाडा आणि यांत्रिक भाग बऱ्याच अंशी सामाईक असल्यामुळे इंजिन, ब्रेक किंवा सस्पेन्शन यांचे सुटे भाग आजही सहज मिळतात. बाहेरचे हे प्लॅस्टिक मात्र केवळ याच गाडीसाठी ओतलेले होते आणि 2007च्या नव्या पिढीत ते क्लॅडिंग काढूनच टाकले गेले, त्यामुळे त्या पिढीचे भाग आपल्या गाडीला बसत नाहीत. म्हणजे टंचाई खरी आहे. पण ही टंचाई ज्या वस्तूची आहे तिच्यावाचून गाडी चालायची थांबत नाही, आणि कमी मिळणारी वस्तू म्हणजे किमती वस्तू असे समीकरण दुर्मीळ नाण्यांच्या बाबतीतही नेहमी जुळत नाही, मग प्लॅस्टिकच्या पट्ट्यांची काय कथा!

आता आकडे पाहू. संचाची किंमत 100 मानली तर कार्डावरच्या 24 हप्त्यांत आपण सुमारे 120 भरता. बसवण्याची मजुरी, नवे क्लिप, चिकटपट्टी आणि मोठ्या खोक्यांची वाहतूक ही त्यात धरलेलीच नाही. ट्रक चार वर्षे ठेवणार असाल तर केवळ संचापोटी दर वर्षी गाडीच्या आजच्या मूल्याच्या साडेसात टक्के खर्च पडतो. विकताना यातले किती परत येईल? जुन्या पिकअपचा भाव मुख्यतः इंजिन, गिअरबॉक्स, गंज आणि धावलेले अंतर यांवर ठरतो. फुटके प्लॅस्टिक पाहून गिऱ्हाईक भाव पाडून मागतो, पण चकचकीत प्लॅस्टिक पाहून तेवढाच भाव वाढवून देत नाही. म्हणून हिशेबात मी हा पैसा परत येणारा धरत नाही. हीच रक्कम 7 टक्के परताव्याने दहा वर्षे राहिली तर जवळजवळ दुप्पट होते, हेही तुलनेसाठी लक्षात ठेवावे; मात्र या एका खर्चाने आपले निवृत्तीनियोजन कोसळेल असा कांगावा मी करणार नाही.

गंगाजळीला हात लावण्यास माझा विरोध अधिक ठाम आहे. पाच महिन्यांतला दीड महिना काढला की साडेतीन उरतात, आणि वीस वर्षांच्या ट्रकचा मालक हा असा माणूस आहे की ज्याला गिअरबॉक्सचा किंवा इंधनपंपाचा अनपेक्षित खर्च इतरांपेक्षा लवकर येण्याचा संभव असतो. ज्या गाडीसाठी निधी रिता करायचा तीच गाडी दुसऱ्या दिवशी त्या निधीपुढे हात पसरेल.

आपल्या पत्रात ज्याचा उल्लेखच नाही असा खर्च मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. क्लॅडिंग आणि पत्रा यांच्या मधल्या फटीत वर्षानुवर्षे चिखल साठतो, तो ओल धरून ठेवतो, आणि चाकाच्या कमानीचा पत्रा आतून गंजत जातो. बाहेरून काहीच दिसत नाही, कारण ते झाकायला क्लॅडिंग असते. चिरलेला तुकडा कोणत्याही परिस्थितीत निघणारच आहे, तेव्हा आधी तोच काढून खालचा पत्रा पाहावा. पत्रा पोखरला असेल तर डेंटरच्या कामाचा खर्च प्लॅस्टिकच्या खर्चाला मागे टाकू शकतो, आणि अशा वेळी नवा संच गंजावर बसवणे म्हणजे ओल आलेल्या भिंतीवर रंग देण्यासारखे होईल. तुकडा काढण्यासाठी उबदार दिवस निवडावा. थंडीत जुने प्लॅस्टिक आणि क्लिप दोन्ही ठिसूळ होतात आणि दुरुस्तीच्या नादात धडधाकट तुकड्याचे कान, म्हणजे क्लिप अडकवण्याचे मागचे उंचवटे, तुटतात. काढताना क्लिप मोडतील असे गृहीत धरून नवे क्लिप आधीच आणून ठेवावेत. ते मापावरून मिळतात आणि संचाच्या किमतीपुढे त्यांचा खर्च क्षुल्लक असतो.

पांढुरके पडलेल्या, पण न फुटलेल्या तुकड्यांबाबत माझा आग्रह असा की ते बदलू नयेत. उन्हातल्या अतिनील किरणांनी प्लॅस्टिकचा वरचा थर झिजून भुकटीसारखा होतो. खालचा भाग बहुधा शाबूत असतो. ते नीट धुऊन, बारीक पॉलिशपेपरने घासून, चिकटपणा वाढवणारा प्रायमर देऊन प्लॅस्टिकसाठीचा रंग मारला तर त्यांचे रूप पुष्कळ सुधारते. हीट गनने, म्हणजे गरम हवेच्या झोताने, मूळ गडदपणा परत आणण्याची युक्ती थोडे दिवस टिकते. सिलिकोनयुक्त तकाकीचे द्रावण तर मुळीच लावू नये, कारण त्यानंतर ना रंग धरतो ना चिकटपट्टी. रंगाच्या कामाला आपला एखादा शनिवार-रविवार जाईल. त्या श्रमाचे मोल मी हिशेबात धरलेले नाही, कारण हे काम आपल्याला आवडते असे आपल्या पत्रावरून दिसते.

दोन तुकड्यांची खरेदी करतानाही काही गोष्टी पैशाच्या दृष्टीने निर्णायक ठरतात. जुन्या तुकड्याच्या पाठीवर भागाचा क्रमांक आणि बहुधा प्लॅस्टिकचा प्रकारही कोरलेला असतो. विक्रेत्याकडून त्याच क्रमांकाचे, तसेच मागच्या कानांचे स्पष्ट छायाचित्र मागवावे. डावा-उजवा हा भेद चालकाच्या आसनावर पुढे तोंड करून बसल्यावरचा असतो. समोरून गाडीकडे पाहून मागणी नोंदवणारे लोक परतीची वाहतूक पदरात घेतात. 2003पासून हीच गाडी क्लॅडिंगविनाही विकली गेली, म्हणून ग्लोव्हबॉक्समधल्या चिकटपत्रावरचे, गाडी कारखान्यातून कोणत्या प्रकारात निघाली हे सांगणारे तीन अक्षरी संकेत एकदा तपासून घ्यावेत, म्हणजे दुसऱ्या प्रकाराचा तुकडा गळ्यात पडणार नाही.

‘न वापरलेला’ या शब्दावरही फार भुलू नये. वीस वर्षे खोक्यात पडलेल्या तुकड्याच्या पाठीला कारखान्यातूनच चिकटपट्टी लावलेली असेल, तर ती निकामी झाली आहे असे समजावे, कारण चांगल्या ॲक्रिलिक फोमच्या पट्टीचीही साठवणुकीची मुदत साधारण दोन वर्षांचीच असते. ती खरवडून नवी लावावी लागेल. पत्रा आणि प्लॅस्टिक पाणीमिश्रित आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, 21 ते 38 अंश सेल्सिअस तापमानात दाबून बसवावे, आणि पूर्ण पकड येण्यास सुमारे 72 तास लागत असल्याने तोवर गाडी धुऊ नये. मोठा तुकडा आडवा-तिडवा ठेवलेला असल्यास वाकडाही झालेला असतो, म्हणून न बसल्यास परत घेण्याची लेखी हमी नसेल तर भाव कमी करून मागणे हा आपला हक्कच आहे. भंगारात निघालेल्या गाडीवरचा तुकडा याहून स्वस्त पडतो. त्याचा रंग उडालेला असला तरी हरकत नाही, कारण आपण सर्वांना एकच रंग देणार आहोत. म्हणून त्याचा शोध आधी घ्यावा.

संच घेऊन नको असलेले तुकडे विकण्याचा विचार आपण केला असेल. तो मोह मला समजतो, पण अवजड खोकी साठवणे, गिऱ्हाईक शोधणे आणि वाहतुकीत मोडलेल्या मालाचे भांडण निस्तरणे हा वेगळा धंदा आहे आणि त्यासाठी भांडवल कर्जाऊ आणणे तर अगदीच गैर.

विम्याचीही एक बाजू आहे. सर्वसाधारण पॉलिसीत अपघाताने गाडी निकालात निघाली तर कंपनी बाजारभाव देते. आपण सजावटीवर किती ओतले याच्याशी तिला कर्तव्य नसते. मूल्य आधीच ठरवून घेण्याची सोय असलेली पॉलिसी मिळत असेल तर चौकशी करावी, आणि पावत्या व छायाचित्रे जपून ठेवावीत.

पैशाची व्यवस्था अशी करावी. दरमहा उरणाऱ्या रकमेतून एक ठराविक हिस्सा ‘ट्रक’ नावाच्या वेगळ्या खात्यात टाका आणि चार वर्षांतल्या सर्व बाह्य दुरुस्तीवर, गंजासकट, गाडीच्या आजच्या मूल्याच्या 15 टक्क्यांची कमाल मर्यादा ठेवा. हा आकडा कोठल्या नियमातून आलेला नाही. आपली शिल्लक आणि गाडीचे उरलेले आयुष्य पाहून मी तो सुचवतो आहे. ट्रकवर आपला जीव आहे आणि आनंदासाठी खर्च करायचा आहे, असे म्हणाल तर त्यालाही माझी ना नाही; फक्त तो खर्च छंदाच्या नावावर टाका, गुंतवणुकीच्या नाही.

विक्रेत्याला आज इतकेच कळवा की आपल्याला डाव्या मागच्या कमानीचा आणि मागच्या कोपऱ्याचा असे दोनच तुकडे हवे आहेत आणि त्यांचा सुटा भाव काय. त्याने संच फोडायला नकार दिला तर सौदा सोडून द्या आणि भंगार आवारांत चौकशी सुरू ठेवा. तो तयार झाला तरी चिरलेल्या तुकड्याखालचा पत्रा पाहून झाल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नका.