शेवटच्या दिवसांतली शुश्रूषा : तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : ब्युरोमार्फत मी घरी रुग्णसेवेला जाते. आजींचा कर्करोग शेवटच्या टप्प्यात आहे. दोन दिवस त्या काहीच गिळत नाहीत. मुलगा म्हणतो, "थोडी पेज तरी घाला, उपाशी कसं ठेवायचं?" काय करू? (सांगली)

उत्तर : ताई, पेज घालू नका. गिळणं मंदावलं की घास घशात साठतो, श्वासनलिकेत उतरतो आणि ठसका, धाप, न्युमोनिया असा त्रास होतो. आजार शेवटाला पोचला की बहुतेकांना भूक लागतच नाही. अन्न बंद केल्यामुळे आजी खालावत नाहीयेत, हे मुलाला कुणीतरी नीट सांगायला हवं. तो भार एकटीने घेऊ नका. नर्सला किंवा डॉक्टरांना बोलायला सांगा. आजी पूर्ण जाग्या असतील, टेकून बसत असतील आणि सांगितल्यावर आवंढा गिळत असतील, तरच अर्धा चमचा पाणी द्या. खोकला आला किंवा आवाज ओलसर, घोगरा झाला की लगेच थांबा.

खरा त्रास कोरड्या तोंडाचा असतो. कवळी काढा. मान एका कुशीला वळवा. मऊ ब्रश किंवा पाण्यात बुडवून घट्ट पिळलेलं गॉज (जखमेवर बांधायचं विरळ विणीचं कापड) घेऊन गालांच्या आतून, हिरड्यांवरून, जिभेवरून फिरवा. हे दर दोन तासांनी करा. दातांमध्ये बोट घालू नका, रुग्ण नकळत चावतो. लिंबू-ग्लिसरीन टाळा, त्याने तोंड आणखी कोरडं पडतं. ओठांना व्हॅसलीन चालतं, पण ऑक्सिजन सुरू असेल तर पाण्यात विरघळणारी जेलीच लावा. घरच्यांना गंगाजल द्यायचं असेल तर तुळशीचं पान त्यात बुडवून ओठांना लावू द्या. चमच्याने ओतू देऊ नका. मुलालाही गॉज फिरवायला शिकवा. आईसाठी काही करता येतंय, याचा त्याला फार आधार वाटतो.

प्रश्न : घशात घरघर सुरू झाली की नातेवाईक "सक्शन करा" (नळीने कफ ओढून काढा) म्हणून मागे लागतात. (रुग्णालयातील आया, नाशिक)

उत्तर : लाळ आणि कफ बाहेर टाकण्याची ताकद उरत नाही, श्वासाबरोबर तोच हलतो आणि आवाज येतो. रुग्ण तेव्हा बहुधा बेशुद्धीत असतो. ऐकणाऱ्याला वाटतं तितका त्रास त्याला होत नसावा. त्याला कुशीवर करा, उशाकडची बाजू थोडी उंच करा, गालाखाली टॉवेल ठेवा, बाहेर येईल ते पुसा. खोल सक्शनने घसा सोलवटतो आणि कफ पुन्हा जमतो. डॉक्टर इंजेक्शन देऊ शकतात, पण ते नवा स्राव कमी करतं, साठलेला आटवत नाही. म्हणून पहिला आवाज आला तेव्हाच नर्सला कळवा.

मधेच श्वास थांबणं, मग भराभर चालणं, हेही या टप्प्यात होतं. वेळ लिहून ठेवा. कपाळावर आठ्या आणि कूस बदलताना कण्हणं मात्र वेदनेची खूण समजा. वळवण्याआधी वेदनाशामक मिळेल का, हे नर्सला विचारा. मॉर्फिन या तीव्र वेदनाशामकाने माणूस लवकर जातो ही भीती अनेक घरांत असते. डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेत तसं होत नाही, म्हणून डोस चुकवू नका. रुग्ण एकाएकी तळमळू लागला तर लघवी तुंबली आहे का, हे आधी पाहा.

प्रश्न : पाय गार पडलेत. गरम पाण्याची पिशवी लावू का? (वर्धा)

उत्तर : नको. त्वचेला चटका कळत नाही आणि भाजतं. मोजे आणि हलकी चादर पुरे.

प्रश्न : घरी मृत्यू झाला तर आधी काय करायचं? (रत्नागिरी)

उत्तर : वेळ लिहा, डॉक्टरांना बोलावा. पडणं, मारहाण, विष अशी काही शंका असेल तर देहाला हात लावू नका. तसं नसेल तर डॉक्टरांनी तपासल्यावर घरच्यांना विचारून पुढचं करा. दोन-तीन तासांत शरीर ताठरू लागतं, म्हणून हातपाय लवकर सरळ करा. डोक्याखाली एक उशी असू द्या, नाहीतर चेहरा काळवंडतो. पापण्या मिटून त्यांवर ओला कापूस ठेवा, कवळी बसवा, हनुवटीखाली टॉवेलची गुंडाळी द्या. नळ्या नर्सनेच काढाव्यात. दागिने दोघांसमोर मोजून, सही घेऊन द्या. मृत्यूचं कारण लिहिलेला डॉक्टरांचा दाखला स्मशानभूमीत लागतो, आणि मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करायची असते.