गॉस्पेल (अमेरिकेतलं ख्रिस्ती भक्तिसंगीत) लोकसंगीतात श्रद्धा आणि शंका दोन्ही ऐकायच्या असतील तर सुरुवात कुठून करावी?

ब्लाइंड विली जॉन्सनपासून करा, आणि पहिलं गाणं ‘द सोल ऑफ अ मॅन’ (१९३०) लावा. टेक्सासचा हा अंध गायक गिटार घेऊन रस्त्यावर धर्मगीतं गायचा. कोलंबिया कंपनीने १९२७ ते १९३० दरम्यान त्याची ३० गाणी ध्वनिमुद्रित केली. या गाण्यात तो एकच प्रश्न विचारत राहतो: माणसाचा आत्मा म्हणजे नक्की काय, कुणी सांगेल का? डॉक्टर-वकील म्हणतात माणूस म्हणजे नुसतं मन. बायबल तर तो नेहमी वाचतो, पण त्यातून हाती लागतो फक्त एक जळता प्रकाश. उत्तर शेवटपर्यंत मिळत नाही, आणि गाण्याची खरी ताकद मला तिथेच वाटते.

मग ‘डार्क वॉज द नाइट, कोल्ड वॉज द ग्राउंड’ (१९२७) ऐका. यात शब्दच नाहीत. गिटारच्या तारांवर सरकणारी स्लाइड आणि कण्हल्यासारखं गुणगुणणं, बस्स. शीर्षक गेथशेमाने बागेतल्या येशूच्या प्रार्थनेवरच्या जुन्या स्तोत्रातलं. (१९७७ मध्ये व्हॉयेजर यानांसोबत अवकाशात गेलं ते हेच.)

तिसरं गाणं वॉशिंग्टन फिलिप्स या गॉस्पेल गायकाचं. ‘डिनॉमिनेशन ब्लूज’मध्ये तो आपापसात भांडणाऱ्या पंथांची आणि उपदेशकांची मजेत खरडपट्टी काढतो.

फक्त यात नास्तिकता शोधू नका. जॉन्सन आणि फिलिप्स दोघेही पक्के श्रद्धाळू होते; त्यांची शंका माणसाच्या समजुतीवर आहे, देवाच्या असण्यावर नाही.