बाबांच्या एक्स-रेवर डाग दिसलाय म्हणता, तर आधी हे करा

ताई, रात्रभर मोबाईलवर शोधत बसू नका. छातीच्या एक्स-रेवरचा डाग म्हणजे कॅन्सरच असं नाही. टीबी, न्यूमोनिया, जुना भरलेला व्रणही तसाच दिसतो. पण उलटा घोळही आपल्याकडे होतो: नुसता एक्स-रे बघून टीबीच्या गोळ्या सुरू होतात आणि महिने निघून जातात. म्हणून थुंकीची सीबीनॅट, म्हणजे टीबीचे जंतू शोधणारी तपासणी, झाली का, हे स्पष्ट विचारा. सरकारी दवाखान्यात ती फुकट होते. सकाळी उठल्याउठल्या चूळ भरून, खोल खोकून काढलेला बेडका द्यायचा. नुसती लाळ चालत नाही.

त्यात काही सापडलं नाही आणि वजन उतरतंच आहे, आवाज बसलाय, तर छातीच्या डॉक्टरांशी सीटी स्कॅनचं बोला. खोकल्यातून रक्त पडलं तर त्याच दिवशी दाखवा. जुने एक्स-रे माळ्यावर असतील तर शोधून न्या, तुलनेला फार उपयोगी पडतात.

बायोप्सीने, म्हणजे डागाचा छोटा तुकडा काढून तपासल्याने, कॅन्सर पसरतो म्हणणारे काका प्रत्येक घरात असतात. त्यांना चहा पाजा, तारीख पुढे ढकलू नका. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर मात्र डॉक्टरांना आधीच सांगा.

'बाबा विडीला शिवले नाहीत' यावरही विसंबू नका. न ओढणाऱ्यांनाही फुफ्फुसाचा कॅन्सर होतो. त्यांच्यातल्या काहींच्या गाठीत ईजीएफआर नावाच्या जनुकात बदल सापडतो, मग गोळ्यांवरही उपचार होतात.

आणि बाबांना थापा मारू नका. डाग आहे, कशाचा ते तपासतोय, एवढं सांगा. रिपोर्ट तेही वाचतात.