बेसमेंटमधला रेडॉन आणि विक्रेत्याने देऊ केलेले पंधराशे डॉलर

प्रश्न : आम्ही पेनसिल्व्हेनियातील चेस्टर काउंटीत घर घेत आहोत. इन्स्पेक्शनच्या, म्हणजे खरेदीपूर्व तपासणीच्या, वेळी बेसमेंटमध्ये केलेल्या दोन दिवसांच्या चाचणीत रेडॉन या जमिनीतून झिरपणाऱ्या किरणोत्सर्गी वायूची पातळी ९.२ पिकोक्युरी (किरणोत्सर्ग मोजण्याचे एकक) प्रति लिटर निघाली. विक्रेता क्लोजिंगपूर्वी, म्हणजे व्यवहाराच्या अंतिम सह्यांपूर्वी, रेडॉन बाहेर काढणारी यंत्रणा बसवून देण्यास किंवा १,५०० डॉलरचे क्रेडिट देण्यास तयार आहे. तेवढी किंमत कमी करून घ्या, असे आमचा एजंट म्हणतो. १० टक्के डाउन पेमेंट केल्यावर आमच्या हाताशी जेमतेम दोन महिन्यांचा खर्च उरेल. आमचा मासिक खर्च ५,८०० डॉलर आहे. म्हणून क्रेडिटचे पैसे राखीव ठेवून हे काम पुढच्या वर्षी करावे, असे माझ्या पतीचे मत आहे. मी बेसमेंटमध्ये बसूनच नोकरीचे काम करणार आहे. जानेवारीत सांगलीहून सासू-सासरे सहा महिन्यांसाठी येतील आणि त्यांची झोपण्याची सोयही तिथेच असेल. सासऱ्यांनी ३० वर्षे विडी ओढली आहे. हे घर सोडून द्यावे का?

उत्तर : घर सोडण्याचे कारण मला दिसत नाही. आपण क्रेडिट घ्यावे आणि घराचा ताबा मिळाल्यावर पहिल्याच महिन्यात स्वतः निवडलेल्या माणसाकडून यंत्रणा बसवून घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. काम वर्षभर पुढे ढकलण्याच्या विचाराशी मी सहमत नाही, मात्र त्यामागची आपल्या पतींची काळजी रास्त आहे आणि तिचा हिशेब पुढे मांडतो.

महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाच्या कानावर रेडॉन हा शब्द बहुधा अमेरिकेत घर घेतानाच पहिल्यांदा पडतो. ज्यापासून हा वायू तयार होतो, त्या युरेनियमचे प्रमाण दख्खनच्या काळ्या पाषाणात कमी असते, आपल्याकडच्या बहुतेक घरांना तळघर नसते आणि खिडक्या वर्षातला बराच काळ उघड्याच असतात. आपण जिथे घर घेत आहात तो भाग याच्या नेमका उलट आहे. चेस्टरला लागून असलेल्या बर्क्स काउंटीत राहणारे स्टॅन्ली वॉट्रस १९८४ च्या डिसेंबरमध्ये लिमरिक येथील अणुविद्युत प्रकल्पावर कामाला जात, तेव्हा आत शिरतानाच किरणोत्सर्ग तपासणाऱ्या यंत्राची घंटा वाजू लागे. शोध घेतल्यावर कळले, की हा किरणोत्सर्ग प्रकल्पातून नव्हे, तर त्यांच्या स्वतःच्या घरातून येत होता. त्या घरात रेडॉनची पातळी सुमारे २,७०० पिकोक्युरी होती. निवासी घरांतील रेडॉनकडे अमेरिकेत गांभीर्याने पाहिले जाऊ लागले ते या घटनेनंतर. पेनसिल्व्हेनियातील सुमारे ४० टक्के घरांत ही पातळी ४ पिकोक्युरीच्या वर असते, त्यामुळे हे घर सोडून शेजारच्या गल्लीतले घेतले तरी तिथे हाच प्रश्न उभा राहण्याची शक्यता बरीच मोठी आहे.

आता ९.२ या आकड्याचे वजन पाहू. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने, म्हणजे ईपीएने, ४ पिकोक्युरी ही उपाय करण्याची मर्यादा ठरवली आहे, तर जागतिक आरोग्य संघटनेची संदर्भपातळी १०० बेकरेल प्रति घनमीटर, म्हणजे सुमारे २.७ पिकोक्युरी आहे. ईपीएच्या अंदाजाप्रमाणे ८ पिकोक्युरीच्या हवेत जन्मभर राहिलेल्या, कधीही धूम्रपान न केलेल्या १,००० माणसांपैकी सुमारे १५ जणांना फुप्फुसाचा कर्करोग होऊ शकतो. धूम्रपान करणाऱ्यांमध्ये हीच संख्या सुमारे १२० आहे. यातले ‘जन्मभर’ हे गृहीतक विसरू नये. आपण या घरात कदाचित दहा वर्षे राहाल, वरच्या मजल्यावर पातळी सहसा कमी असते आणि दोन दिवसांची चाचणी हा एक अंदाजच असतो, म्हणून आपला प्रत्यक्ष धोका या आकड्यांपेक्षा कमी धरायला हवा. तरीही दिवसाचे आठ-नऊ तास बेसमेंटमध्ये काढणारी व्यक्ती आपण स्वतः आहात, आणि सहा महिन्यांच्या पाहुण्यांपेक्षा वर्षानुवर्षे तिथे बसणाऱ्याचा हिशेब मला अधिक महत्त्वाचा वाटतो.

या धोक्याची दुसरी बाजू अशी, की तो दूर करणे स्वस्त आहे. बेसमेंटच्या स्लॅबला भोक पाडून त्यात पीव्हीसी पाइप बसवतात आणि पंख्याच्या साहाय्याने जमिनीखालची हवा ओढून छपराच्या वर सोडतात. या कामाला साधारणपणे ८०० ते २,५०० डॉलर लागतात. आपल्यासाठी १,४५० डॉलर धरू. ६० वॉटचा पंखा अखंड चालला, तर वर्षाला सुमारे ५२५ युनिट वीज लागेल. १८ सेंट दराने त्याचे ९५ डॉलर होतात. दहा वर्षांत एकदा पंखा बदलण्याचे ३५० आणि दर दोन वर्षांनी फेरचाचणीचे २५ डॉलर धरले, तर दशकाचा एकूण खर्च सुमारे २,८७५, म्हणजे महिन्याला २४ डॉलर पडतो. टर्म इन्शुरन्सचा हप्ता आपण संकट आल्यानंतर कुटुंबाला पैसे मिळावेत म्हणून भरतो; इथे संकटाची शक्यताच घटते आहे.

राखीव निधीबद्दल सांगायचे, तर १,४५० डॉलर म्हणजे आपल्या घरचा अवघ्या एका आठवड्याचा खर्च. नोकरी गेली, तर दोन महिन्यांऐवजी सव्वादोन महिने तग धरता येईल, एवढाच फरक या रकमेने पडतो. आपला निधी अपुरा आहे हे खरेच, पण तो भरून काढण्याची जागा वेगळी आहे. नवे फर्निचर आणि स्वयंपाकघरातली दुरुस्ती वर्षभर थांबवली, तर याच्या कितीतरी पट रक्कम वाचेल.

एजंटने सुचवलेली किमतीतली कपात मात्र मान्य करू नये. १० टक्के डाउन पेमेंटमध्ये १,५०० डॉलर किंमत कमी झाल्याने आज आपल्या हातात फक्त १५० डॉलर जास्त राहतील. उरलेल्या १,३५० चा फायदा साडेसहा टक्के व्याजाच्या तीस वर्षांच्या कर्जावर महिन्याला साडेआठ डॉलर एवढाच आहे. कंत्राटदाराचे पैसे मात्र पहिल्याच महिन्यात रोख द्यावे लागणार. क्रेडिटही रोख स्वरूपात हातात पडत नाही, ते क्लोजिंगच्या खर्चातून वळते होते. परंतु त्यामुळे आपले तेवढेच पैसे खात्यात शिल्लक राहतात. कर्ज देणाऱ्या संस्थेची त्याला लेखी मान्यता आहे ना, हे आधी पाहावे आणि क्लोजिंगच्याच दिवशी ती रक्कम वेगळ्या बचत खात्यात टाकावी. पैसे चालू खात्यात राहिले, की महिन्याभरात पडद्यांवर आणि गालिच्यांवर जातात, हे मी अनेक घरांत पाहिले आहे.

विक्रेत्याकडून यंत्रणा बसवून का घेऊ नये? घर सोडून जाणाऱ्याचा कल साहजिकच सर्वांत कमी दराच्या कामाकडे असतो, आणि पाइप कुठून न्यायचा, पंख्याचा आवाज कोणत्या खोलीत येईल, याचा विचार तिथे राहणाराच करतो. माझ्या स्वतःच्या घरात पूर्वीच्या मालकाने बसवलेली यंत्रणा होती आणि पाइप पाहून मी निर्धास्त राहिलो. वर्षभराने चाचणी केली तेव्हा पातळी ६ च्या वर निघाली. पंखा केव्हाच बंद पडला होता. पाइपवरील यू आकाराच्या नळीत दोन्ही बाजूंचे द्रव समान उंचीवर होते, म्हणजे हवा ओढलीच जात नव्हती, पण ती खूण मला ठाऊक नव्हती. त्या वर्षाची खंत मला अजून आहे.

खिडक्या उघड्या ठेवणे हा पेनसिल्व्हेनियाच्या हिवाळ्यातला उपाय नव्हे आणि नुसत्या भेगा बुजवून पातळी भरवशाने उतरत नाही. विहिरीचे पाणी असेल, तर त्यातील रेडॉनचीही चाचणी करून घ्यावी. कामाची पावती जपून ठेवावी, कारण पुढे विक्रीच्या वेळी कराचा हिशेब करताना हा खर्च घराच्या मूळ किमतीत मिळवता येतो. पुढे घर विकताना आजचा अहवाल खरेदीदाराला सांगणे आपल्यावर बंधनकारक राहील. सोबत कमी पातळीचा नवा अहवाल दाखवता आला, तर किमतीवरून पुन्हा घासाघीस होणार नाही.

इन्स्पेक्शनची मुदत संपण्यापूर्वी, राज्याच्या पर्यावरण विभागाने प्रमाणित केलेल्या दोन कंत्राटदारांकडून लेखी अंदाजपत्रक घ्यावे. पातळी ४ च्या खाली आणण्याची हमी त्यात लिहिलेली असावी. अंदाजपत्रक १,५०० च्या वर गेले, तर तेवढे वाढीव क्रेडिट आत्ताच मागावे, कारण सह्या झाल्यावर ती संधी राहत नाही. पंखा सुरू झाल्यावर किमान २४ तासांनी, परंतु महिनाभराच्या आत, दुसरी चाचणी करावी. तिचा निकाल हाती येईपर्यंत आपले कामाचे टेबल वरच्या मजल्यावर ठेवावे, आणि तोवर सासू-सासरे आले, तर त्यांना वरची खोली द्यावी. सासऱ्यांनी विडी सोडली असली तरी त्या ३० वर्षांमुळे त्यांच्या फुप्फुसांना रेडॉनचा धोका घरातल्या इतरांपेक्षा जास्त आहे.