सर्व्हिसनाऊच्या (कंपनीत आयटीच्या मागण्या नोंदवायची प्रणाली) पोर्टलवर एकाच विभागातल्या काहींना लॅपटॉपची रिक्वेस्ट दिसते, काहींना नाही. असं का?

बहुतेक वेळा घोळ रोलमध्ये (यूझरला दिलेल्या अधिकारांत) नसतो, यूझर क्रायटेरियात, म्हणजे कोणाला काय दिसावं हे ठरवणाऱ्या अटींत असतो. तपासणी अॅडमिन लॉगिनने करू नका, त्याला सगळंच दिसतं. ज्याला आयटम (इथे लॅपटॉपची रिक्वेस्ट) दिसत नाही त्याला इम्पर्सोनेट करा, म्हणजे त्याच्या नावाने सिस्टिममध्ये शिरा, आणि त्याच्या नजरेने पोर्टल उघडा.

मग आयटमच्या रेकॉर्डवर ‘अव्हेलेबल फॉर’ आणि ‘नॉट अव्हेलेबल फॉर’ या दोन्ही याद्या बघा. दुसरी यादी पहिलीवर मात करते. माणूस दोन्हींत बसत असेल तर त्याला आयटम दिसणार नाही, आणि नेमकी हीच गोष्ट लोक विसरतात. आयटम ज्या कॅटेगरीत आहे तिलाही स्वतःचे क्रायटेरिया असतात, तेही पाहून घ्या.

क्रायटेरियात ‘मॅच ऑल’ला टिक आहे का? असेल तर विभाग, लोकेशन, ग्रुप असं जे जे भरलंय ते सगळं जुळावं लागतं. पुण्याचा माणूस नागपूरला बदलून गेला आणि त्याचं लोकेशन बदललं, की तो गुपचूप बाहेर.

तुमच्या बाबतीत मला संशय विभागावर आहे. कंपनीच्या डिरेक्टरीतून (कर्मचाऱ्यांच्या मूळ नोंदींतून) डेटा येताना एकाच नावाचे दोन विभाग तयार झालेले असू शकतात. स्क्रीनवर नाव सारखंच, पण रेकॉर्ड वेगळे. ज्याला दिसतं आणि ज्याला दिसत नाही, त्या दोघांच्या प्रोफाइलवरून विभागाचा रेकॉर्ड उघडून सिस आयडी (प्रत्येक रेकॉर्डचा स्वतंत्र ओळख क्रमांक) ताडून बघा.

आयटम न दिसणाऱ्या माणसाला नुकताच रोल किंवा ग्रुप दिला असेल, तर आधी त्याला लॉगआउट करून परत यायला सांगा.