पाय संध्याकाळी सुजतो, सकाळी उतरतो. ही हत्तीरोगाची सुरुवात असू शकते का?

हत्तीरोग असलेल्या भागात राहत असाल तर हो, असू शकते. या कामात असल्यामुळे सांगतो, लोक हा रोग ओळखतात तो जाड, खरबरीत झालेल्या पायावरून. तो फार पुढचा टप्पा.

संसर्ग झालेल्या बहुतेकांना वरून काहीच जाणवत नाही. डासांमार्फत शिरलेले जंत लसीकावाहिन्यांत, म्हणजे ऊतींत साचणारा द्रव परत नेणाऱ्या बारीक नळ्यांत, 6 ते 8 वर्षं जगतात आणि त्या वाहिन्या आतल्या आत निकामी होत जातात.

मी सुजेआधी तापाबद्दल विचारतो. थंडी वाजून ताप, जांघेत अवधाण (दुखरी गाठ), पायावर लाल, गरम, दुखरा पट्टा. काही दिवसांत सगळं बसतं, म्हणून माणूस विसरून जातो; मग काही महिन्यांनी पुन्हा तेच. पट्टा जांघेकडून खाली उतरत गेला तर बहुधा आतला जंत मेलाय. पावलाकडून वर चढला तर जिवाणू शिरलेत, आणि त्यांची नेहमीची वाट म्हणजे बोटांच्या बेचक्यांतल्या चिखल्या. हाच प्रकार जास्त आढळतो आणि दर खेपेला पाय थोडा आणखी बिघडवून जातो. म्हणून मी आधी बोटं फाकवून बघतो, पोटरी नंतर.

दाबल्यावर खळगा पडणारी, रात्रीत उतरणारी सूज ही पहिली पायरी. सकाळीही राहू लागली की दुसरी. मात्र दोन्ही पाय सारखेच सुजत असतील तर आधी हृदय आणि मूत्रपिंडं तपासून घ्या. एकच पोटरी अचानक सुजून दुखत असेल तर शिरेत गुठळी असू शकते. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

पुरुषांमध्ये कधी कधी पाय अगदी ठीक असतो आणि वृषणाजवळ दुखरी गाठ येते किंवा अंडकोषात हळूहळू पाणी भरतं. लाजेपोटी हे कुणी सांगत नाही, विचारावंच लागतं.

रक्तातली जंतांची पिल्लं बहुतेक भागांत रात्री 10 ते 2 च्या सुमारास सापडतात, त्यामुळे दुपारी काचेवर घेतलेल्या रक्ताच्या तपासणीवर विसंबू नका. पट्टीवरची प्रतिजन चाचणी (रक्तात जंताचे अंश शोधणारी) दिवसाही चालते, पण जंताच्या सगळ्या जातींना नाही. शिवाय सूज असलेल्या पुष्कळांच्या रक्तात पिल्लं मिळतच नाहीत.

तपासणी होईपर्यंत पाय रोज साबण-पाण्याने धुवा, बेचक्या टिपून कोरड्या करा, चिखल्यांना बुरशीवरचं मलम लावा, झोपताना पाय उंचावर ठेवा. ताप आलेला असताना चोळू मात्र नका.